चेन उघडा, साल कळेल

जुनं लेदर जॅकेट हातात आलं की नवखा माणूस आधी ते अंगात घालतो आणि आरशासमोर उभा राहतो. मुरलेलं गिऱ्हाईक मात्र आधी चेनचा रनर चिमटीत धरून उजेडाकडे वळवतं, कारण त्या बोटभर धातूवर जॅकेटचं वय लिहिलेलं असतं.

मोटारसायकलच्या जॅकेटची गोष्ट चेनपासूनच सुरू होते. 1928 साली न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉटने बाइकवाल्यांसाठी चेन लावलेलं जॅकेट बाजारात आणलं आणि त्याला आपल्या आवडत्या सिगारचं नाव दिलं, ‘परफेक्टो’. लाँग आयलंडवरच्या हार्ले-डेव्हिडसनच्या विक्रेत्याकडे ते साडेपाच डॉलरला मिळायचं. बाइकच्या जॅकेटची चेन तिरकी का, असं अनेकांना वाटतं. टाकीवर वाकून हँडल धरलं की सरळ चेन पोटावर दुमडते आणि टोचते, तिरकी चेन बाजूला राहते. शिवाय आपल्या बाराबंदीसारखा एक पदर दुसऱ्यावर येतो आणि वारा छातीत शिरत नाही.

आता त्या रनरकडे वळू. जुन्या अमेरिकन जॅकेटांवर ‘टॅलन’, ‘क्राउन’, ‘कॉनमार’ ही चेन-कंपन्यांची नावं दिसतात. पुढे जपानच्या ‘वायकेके’ने जगाचा बाजार काबीज केला. म्हणून 1940च्या दशकातलं म्हणून दाखवलेल्या जॅकेटला वायकेकेची चेन असेल, तर एक तर चेन बदललीय किंवा साल खोटं आहे. चेन बदलली असेल तर शिवणीजवळ जुन्या टाक्यांची भोकं सापडतात. चामड्यात सुई एकदा गेली की भोक बुजत नाही. खोटं बोलणाऱ्याला हीच भोकं उघडं पाडतात.

दुसरा पुरावा आतल्या लेबलावर असतो. बऱ्याच अमेरिकन कपड्यांवर ‘आरएन’ आणि पुढे आकडा असतो. तो कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक. पाच आकडी क्रमांकांसाठी व्यापारी एक सोपं गणित करतात. क्रमांकातून 13670 वजा करा, 2635ने भागा आणि 1959 मिळवा. समजा क्रमांक 40020 आहे. वजाबाकी 26350, भागाकार 10, म्हणजे नोंदणी अंदाजे 1969ची. जॅकेट त्या साली किंवा नंतर केव्हाही शिवलेलं असू शकतं, त्याआधी मात्र नाही. एवढ्यानेच कितीतरी ‘1950च्या दशकातली’ जॅकेटं 1970च्या दशकात येऊन पडतात!

चामडं कुणाचं, हाही प्रश्न आहेच. जुन्या काळी घोड्याचं चामडं सर्रास वापरत. ट्रॅक्टर आले, शेतावरचे घोडे गेले, आणि 1950च्या सुमारास कारखाने गाई-बैलांच्या चामड्याकडे वळले. म्हणून घोड्याच्या चामड्याचं जॅकेट आज भाव खाऊन जातं. काही जुन्या जॅकेटांचं चामडं आतून तपकिरी असतं आणि फक्त वरून काळा रंग दिलेला असतो. कोपर, खिशाची कड, कॉलरची घडी जसजशी घासते तसतसा आतला चहासारखा रंग वर येतो. जपानी शौकीन याला ‘चाशिन’ म्हणतात, म्हणजे चहाचा गाभा, आणि त्यासाठी जादा पैसे मोजतात. विकणाऱ्यांनो, अशा जॅकेटला पॉलिश फासून त्याचं सोनं मातीत घालू नका.

एक धागा थेट आपल्या कोकणापर्यंत येतो. ब्रिटनमधल्या चामडं कमावणाऱ्यांना हिरडा लागायचा आणि तो भारतातून जहाजं भरून जायचा. त्या व्यापारात हिरड्याच्या एका प्रतीचं नावच ‘विंगोर्ला’ होतं, म्हणजे आपलं वेंगुर्ला.

पडद्याने लेदर जॅकेटला नाव मिळवून दिलं आणि बदनामही केलं. 1953च्या ‘द वाइल्ड वन’मध्ये मार्लन ब्रँडोने ते घातलं. ब्रिटनच्या सेन्सॉरने हा चित्रपट 1967पर्यंत अडवून धरला. ‘हॅपी डेज’ मालिकेतल्या फोंझीला तर वाहिनीने अट घातली होती, की मोटारसायकल जवळ असेल तरच लेदर जॅकेट घालायचं. तेच जॅकेट 1980 साली स्मिथसोनियन संग्रहालयात गेलं. मला सगळ्यात भावलेला सौदा मात्र 2019चा. ‘ग्रीस’ चित्रपटातलं आपलं काळं जॅकेट ऑलिव्हिया न्यूटन-जॉनने लिलावात काढलं. ते 2,43,200 डॉलरला गेलं आणि विकत घेणाऱ्याने ते तिलाच परत दिलं.

लंडनच्या ‘लुईस लेदर्स’चं घराणं वेगळं. दुकान 1892चं. त्यांची जॅकेटं घालून पोरं बाइकवाल्यांच्या एस कॅफेवर जमायची. जॅकेटांच्या पाठीवर आणि छातीवर बिल्ले असत. ‘59 क्लब’चा बिल्ला तर चक्क चर्चच्या युवक मंडळाचा! असे बिल्ले काढून जॅकेट ‘साफ’ करू नका. खाली टाचणीची भोकं आणि गडद ठसा उरतो, आणि जॅकेटची कहाणी जाते ती जातेच.

घेताना लेबलावरच्या साइझवर विसंबू नका, जुनी मापं आजच्यापेक्षा लहान निघतात. जॅकेट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावा आणि तुमच्या अंगाला बसणाऱ्या जॅकेटशी ताडून बघा. मग आतल्या बाजूने, अस्तर फाटलंय तिथे, बोट घासा. बोटाला तांबूस भुकटी लागली तर ते चामडं आतून कुजलंय. त्यावर तेल, मलम काहीही चालत नाही. असं जॅकेट फुकट मिळालं तरी घेऊ नका. फाटकं अस्तर आणि बिघडलेली चेन चालेल, ती दुरुस्त होते.

आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर जॅकेट पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आठवड्याभरात बुरशी धरेल. रुंद लाकडी हँगरवर, वारा लागेल असं टांगा. उन्हात वाळवू नका, चामडं तडकतं. विकायला काढाल तेव्हा चार फोटो न विसरता द्या: रनर, लेबल, काख आणि कोपर. जाणकार गिऱ्हाईक आधी तेच मागतं.