इंद्रायणीतले बोटभर मासे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

देहूच्या घाटावर खाऊ टाकला की पाण्यात एकच झुंबड उडते. इथले मासे पकडायचे नाहीत, हा भाविकांचा जुना नेम; त्यामुळेच महाशीर या मोठ्या माशाला इथल्या डोहात आसरा मिळाला. पण कुरवंड्याच्या डोंगरातून तुळापूरच्या संगमापर्यंत वाहणाऱ्या इंद्रायणीत महाशीर एकटा नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या नदीतल्या माशांच्या पन्नासहून अधिक जाती नोंदल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक जन्मभर बोटाएवढ्याच राहतात.

गैरसमज: ओढ्यातली बारकी मासळी म्हणजे मोठ्या माशांची पिल्लं.

अनेकदा ते पूर्ण वाढलेले मासे असतात. ‘इंडोरिओनेक्टेस एवेझार्डी’ हा दगडांखाली दडणारा मिशाळ मासा पुरता वाढला तरी बोटाच्या दोन पेरांएवढाच भरतो. फ्रान्सिस डे यांनी 1872 मध्ये त्याचं वर्णन केलं, ते पुण्यात मिळालेल्या नमुन्यांवरून.

गैरसमज: अशा माशांना कुणी नावंही दिलेली नाहीत.

उलट, विज्ञानानं ती नावं इथूनच उचलली. कर्नल विल्यम सायक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडचीच नावं त्यांनी लॅटिन नावांत घेतली: खुद्री, मुल्या, कोलुस, नुक्ता. आज जगातला कोणताही मत्स्यतज्ज्ञ ‘गारा मुल्या’ म्हणतो, तेव्हा तो दख्खनच्या नदीकाठचा शब्द उच्चारत असतो.

गैरसमज: फ्लाय फिशिंग म्हणजे थंड पाण्यातल्या ट्राउटचा खेळ.

मासे पकडण्याची ही पद्धत आपल्या छोट्या माशांनाही चालते. यात गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून कीटकाची नक्कल करतात. ती इतकी हलकी असते की स्वतःच्या वजनानं लांब जातच नाही. जाड, वजनदार दोरीच्या झोकानं ती पुढे जाते. जो मासा पाण्यावरचे किडे टिपतो, तो तिला फसू शकतो, मग तो केवढाही असो. जपानमध्ये डोंगरी ओढ्यांसाठी ‘तेंकारा’ ही बिनचरखीची पद्धत आहे.

आपल्या ओढ्यांत कोण फसेल, हे तोंडाच्या ठेवणीवरून कळतं. डॅनिओ, रासबोरा, अळकुट यांची तोंडं वर वळलेली. ते पृष्ठभागावर झेप घेतात. मुल्याचं तोंड खाली असतं. हनुवटीच्या चकतीनं खडकाला चिकटून तो शेवाळ खरवडतो, त्याला तरंगत्या माशीशी देणंघेणं नसतं.

गैरसमज: पकडून सोडला की माशाला काही होत नाही.

कोरड्या हातानं धरलं की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोगजंतूंना वाट मिळते. उन्हाळ्यात धोका वाढतो: 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. त्यात सांडपाणी मिसळलं की उरलेलाही कमी होतो. म्हणून गळाला उलटी आकडी नको, हात ओले हवेत आणि मासा शक्यतो पाण्याबाहेर काढूच नये.

गैरसमज: नदीत मासे सोडणं नेहमीच पुण्याचं.

कोणता मासा कुठल्या नदीत सोडला, यावर सगळं अवलंबून आहे. डासांसाठी आणलेले परदेशी गप्पी आणि गॅम्बुसिया देशी माशांचं अन्न आणि जागा बळकावतात. डासांच्या अळ्या तर आपले छोटे मासेही खातात. देशी माशाचंही तेच. लोणावळ्यात टाटांच्या केंद्रात महाशीरची पैदास 1970 च्या दशकात सुरू झाली. तिथला खुद्री महाशीर कावेरीतही सोडण्यात आला. तिथे तो फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महाशीर घटत गेला. ‘टोर रेमादेवी’ ही त्या माशाची शास्त्रीय ओळख 2018 मध्ये पक्की झाली, तेव्हा तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोचला होता.