म्हातारपणाची तयारी पंचविशीतच कशाला?

इअरफोन लावलेत ना? मग आधी आवाज थोडा कमी करा. का, ते पुढे सांगतोच. आणि जे हा भाग ऐकण्याऐवजी वाचतायत, त्यांचंही स्वागत.

आजचा विषय म्हातारपण. आजी-आजोबांचं नाही हं, तुमचं आणि माझं. परवा एका मैत्रिणीने विचारलं, "मी 24 वर्षांची. पहिली नोकरी अजून पक्की नाही आणि घरचे म्हणतात पेन्शनचा विचार कर. हे जरा अतीच नाही का?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर द्यायला थोडं गणित करावं लागेल.

संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने 2023 मध्ये भारतातल्या वृद्धांवर एक अहवाल काढला. त्यानुसार 2050 पर्यंत आपल्याकडे दर पाच माणसांत एक जण साठी ओलांडलेला असेल. आज जे पस्तिशीत आहेत ते तेव्हा साठीला पोचलेले असतील. म्हणजे ते 'ज्येष्ठ नागरिक' आपणच, मंडळी! आणि तेव्हा घरं कशी असतील? पूर्वी एका घरात पाच-सहा भावंडं असायची, कुणीतरी आईवडिलांजवळ राहायचं. आता एक मूल, फार तर दोन, आणि तीही कुठे असतील सांगता येत नाही. 'मुलं बघतील' एवढ्यावर विसंबून चालणार नाही.

आता तयारीकडे येऊ. सुरुवात डोक्यापासून. आपल्याकडे म्हण आहे, 'साठी बुद्धी नाठी'. गंमत म्हणून बोलतो आपण, पण ती आत कुठेतरी रुजते. बेका लेव्ही नावाच्या संशोधिकेने 2002 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावातले पन्नाशीपुढचे 660 लोक. स्वतःच्या वाढत्या वयाबद्दल त्यांना काय वाटतं, ते आधी विचारून ठेवलं होतं. पुढे दोन दशकांहून जास्त काळाचा हिशोब पाहिला, तर वयाकडे चांगल्या नजरेने बघणारे लोक सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते.

आता याचा अर्थ नुसते गोड विचार केले की आयुष्य वाढतं, असा नाही. माझ्या समजुतीप्रमाणे गोष्ट साधी आहे. 'आता या वयात काय करायचंय' म्हणणारा माणूस चालायला जात नाही, दुखणं अंगावर काढतो, नवं काही शिकत नाही. घरोघरी ऐकतो की आपण हे वाक्य! हीच सवय वर्षानुवर्षं साचत जाते.

उलट उदाहरण हवंय? महर्षी धोंडो केशव कर्वे. जन्म 1858 चा. महिला विद्यापीठ काढलं 1916 मध्ये, म्हणजे वय 58. आज राज्य सरकारी नोकरीतले बहुतेक लोक याच वयात निवृत्त होतात. 1944 मध्ये, 86 व्या वर्षी, त्यांनी समता संघ काढला. शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं, आणि ते 104 वर्षं जगले. सगळे कर्वे होणार नाहीत, मान्य. पण साठीला दुकान बंद होत नाही, एवढं तरी कळतं. आपल्याच समाजात 81 व्या वर्षाच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन करतात. हजार पौर्णिमा पाहिल्याचा सोहळा! म्हणजे वयाचा मान ठेवायची रीत आपल्याकडे आहेच, तिकडेही बघा की.

दुसरी तयारी शरीराची. आपली हाडं साधारण तिशीपर्यंत भरत जातात. त्यानंतर जमा कमी आणि खर्च जास्त. स्नायूंचंही तसंच, तिशीनंतर हळूहळू घट सुरू होते. सत्तरीत बाथरूममध्ये पाय घसरला तर मार किती लागेल, ते बऱ्याच अंशी आज तुम्ही काय कमावून ठेवता त्यावर ठरतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम, आणि दोन दिवस ताकदीचा. जिमच पाहिजे असं नाही. भरभर चालणं, जिने चढणं, बैठका, सूर्यनमस्कार. आणि आज घरी एक करून बघा. जमिनीवर मांडी घालून बसा आणि हात न टेकता उठा. जमलं नाही तर घाबरू नका, पण कामाला लागा.

आता तो आवाज. 80 डेसिबल आवाजात आठवड्याला 40 तास ऐकलं तर चालतं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. 90 डेसिबल केला की तीच मर्यादा उतरते 4 तासांवर! आवाज जरासाच वाढवला असं वाटतं, पण कानावरचा भार दहापट होतो. कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. आणि प्रश्न नुसत्या कानाचा नाही. डिमेन्शियावर काम करणाऱ्या लॅन्सेट आयोगाने 2024 मध्ये टाळता येण्याजोगी 14 कारणं सांगितली, त्यात ऐकू कमी येणंही आहे. लोकलमध्ये गोंगाटावर मात करायला आवाज वाढवणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी!

तिसरी तयारी पैशांची. समजा महिना 2,000 रुपये बाजूला टाकले, वर्षाला 8 टक्के धरले. पंचविशीत सुरू केलं तर साठीला साधारण 46 लाख होतात. पस्तिशीत सुरू केलं तर 19 लाख. दहा वर्षांत तुम्ही भरता जेमतेम 2 लाख 40 हजार जास्त, पण फरक पडतो 27 लाखांचा. आता थोडं थंड पाणी. महागाई 6 टक्के धरली तर 35 वर्षांत भाव साडेसात पटीच्या वर जातात. म्हणजे ते 46 लाख आजच्या सहा लाखांसारखे. म्हणून पगार वाढेल तशी ही रक्कम वाढवायचीच. राष्ट्रीय पेन्शन योजनेत वयाच्या अठराव्या वर्षापासून खातं उघडता येतं. अटल पेन्शन योजना 18 ते 40 वयोगटासाठी आहे, पण आयकर भरणाऱ्यांना 2022 पासून तिच्यात नव्याने जाता येत नाही. कुठली घ्यायची ते माहितगाराला विचारून ठरवा.

आणि कागद! माझे आजोबा गेले तेव्हा सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं. आजीचं नाव ना खात्यावर, ना नॉमिनी म्हणून. दुःखातून सावरायच्या आधी तिला दाखले आणि सह्यांसाठी महिनोन्‌महिने चकरा माराव्या लागल्या. जन्मभर घर चालवलेल्या बाईला 'तुमचा पुरावा काय' असं विचारलं गेलं. म्हणून घरातल्या बायकांच्या नावावर खातं, थोडे पैसे आणि सगळीकडे नॉमिनी, ही चैन नाही, गरज आहे.

शेवटची तयारी माणसांची. हार्वर्डचा एक अभ्यास 1938 पासून चालू आहे. त्यात दिसलं की पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती, ते ऐंशीत जास्त निरोगी होते. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, भजनी मंडळं आहेत. 1995 मध्ये मुंबईच्या एका बागेत डॉ. मदन कटारियांनी पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला, तो जगभर पोचला. पण अशा कट्ट्यावर जाऊन बसायची सवय साठीला एकदम लागत नाही. मित्राला नुसता फॉरवर्ड न पाठवता फोन करणं, हीसुद्धा तयारीच.

तर त्या मैत्रिणीला माझं उत्तर असं. अती नाही, उलट आत्ताच सगळ्यात स्वस्त पडतं.

या आठवड्याचं काम एकच. तुमच्या आणि आईबाबांच्या प्रत्येक खात्यावर नॉमिनी कोण, ते तपासा. आणि घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये 14567 हा नंबर सेव्ह करून द्या, ती ज्येष्ठांसाठीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. काय झालं ते कळवा. भेटू पुढच्या भागात. आवाज कमीच ठेवा!