दुसऱ्या भागाची धास्ती

‘झपाटलेला’ हा सिनेमा 1993 मध्ये आला. ‘झपाटलेला 2’ थ्रीडीत आला 2013 मध्ये. जिवंत होणारा बाहुला तात्या विंचू तोच, दिग्दर्शक महेश कोठारेच. पहिल्याचे नायक लक्ष्मीकांत बेर्डे मात्र 2004 मध्ये गेलेले. पहिल्यावर जीव असलेल्या प्रेक्षकाला अशा वेळी धास्ती वाटते, की तितकी मजा येईल का?

धास्ती निराधार नाही. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत रसाचा थेंब अनपेक्षित मिळाला की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी उसळत. तो ठरल्याप्रमाणे मिळाला तर त्या जवळपास थंड राहत, चुकला तर नेहमीपेक्षाही मंदावत. बाहुला जिवंत होतो याचं नवल पहिल्यांदाच. दुसऱ्यांदा ते तिकिटातच धरलेलं असतं.

मला अधिक पटतं ते संख्याशास्त्राचं कारण. पडलेल्या सिनेमाचा दुसरा भाग सहसा कुणी काढत नाही. तुफान गाजलेल्या सिनेमात कौशल्याबरोबर योगही जुळलेला असतो. कौशल्य पुन्हा आणता येतं, योग नाही. म्हणून पुढचा भाग सरासरीकडे सरकतो. फ्रान्सिस गाल्टनने 1886 मध्ये उंचीबाबत हेच मांडलं: फार उंच आईबापांची मुलं उंच खरी, पण सरासरीने त्यांच्याहून थोडी कमी.

शिवाय वय. साधारण दहा ते पंचविशीतल्या आठवणी उतारवयातही लख्ख राहतात. त्यांच्याशी कुठला नवा सिनेमा टक्कर देणार?

तेव्हा दुसरा भाग जरूर पाहा, पण ट्रेलर टाळा. आणि आदल्या रात्री पहिला भाग तर मुळीच लावू नका.