गारगोटी, कोळसा आणि पांढरा धूर

सौर पॅनेल वाळूपासून बनतं, असं आपण मुलांना सांगतो. ऐकायला छान वाटतं, पण त्यात सिलिकॉन बनवणारी मधली भट्टी गायब होते. शिवाय या भट्टीत बारीक वाळू सहसा चालतच नाही, गारगोटीचे खडे लागतात. वाळूने थर दाटून बसतो, खालून येणाऱ्या वायूंना वाट उरत नाही; आणि इथली सगळी करामत त्या वायूंचीच आहे.

नॉर्वेत जलविद्युत मुबलक, म्हणून तिथे सिलिकॉनचे कारखाने उभे राहिले. भट्टीत गारगोटी, दगडी कोळसा, लोणारी कोळसा आणि लाकडाच्या ढलप्या भरतात. ढलप्यांनी थर पोकळ राहतो. वरून कार्बनचे तीन जाडजूड इलेक्ट्रोड या मालात रुतलेले असतात. त्यांच्या टोकांशी तापमान 2000 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं.

पुस्तकात हे एका ओळीत उरकतं: कार्बन गारगोटीच्या सिलिकेतला ऑक्सिजन ओढून घेतो, सिलिकॉन मोकळं होतं. पण सिलिकॉनची ऑक्सिजनवरची पकड इतकी घट्ट, की हे एका दमात होत नाही. आधी सिलिकॉन मोनॉक्साइड हा वायू तयार होऊन वर चढतो. वाटेत कोळसा भेटला, की त्याचं सिलिकॉन कार्बाइड बनतं. ते माल खचेल तसं खाली सरकतं आणि तळाच्या उष्णतेत त्याच वायूशी भिडून वितळलेलं सिलिकॉन होतं. कोळसा जास्त पडला तर कार्बाइड तळाशी साचत जातं; कमी पडला तर वायू निसटतो. मालाच्या माथ्यावर चिकट कवच धरतं, ते लांब दांड्याने सतत फोडावं लागतं. कुठे पांढऱ्या धुराचा झोत उसळला, की जाणता कामगार ओळखतो: सिलिकॉन हवेत चाललं!

मधलं ते कार्बाइडही वाया जाणारं नव्हे. एडवर्ड अ‍ॅचेसनने 1891 मध्ये अमेरिकेत ते विजेच्या भट्टीत बनवलं, आणि कार्बोरंडम म्हणून ते धार लावायच्या चाकांत गेलं. पांढरा धूरही आता गाळून पकडतात. सिमेंटच्या कणाहून सुमारे शंभरपट बारीक अशी ती सिलिकेची पूड काँक्रीट घट्ट आणि मजबूत करते.

एक टन सिलिकॉनला साधारण 11 ते 13 हजार युनिट वीज लागते. पॅनेल आपल्या निर्मितीची सगळी ऊर्जा काही वर्षांत फेडतं, म्हणून सौदा फायद्याचाच आहे. मात्र वीज कितीही स्वच्छ असली तरी कोळसा इथे जळण नसून कच्चा माल आहे. निव्वळ रसायनाच्या हिशेबाने 28 किलो सिलिकॉनमागे 88 किलो कार्बन डायऑक्साइड निघतोच. पॅनेलच्या जाहिरातीत हा आकडा यायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. दगडी कोळशाऐवजी लोणारी कोळसा वापरला तर हिशेब बदलतो, कारण त्यातला कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. अट एकच: तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरं वाढलं पाहिजे.