वेचणाऱ्यांचे हात

यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनच्या परिसरात दिवाळीच्या सुमारास शेते कापसाने पांढरी होतात. दुरून पाहणारास वेचणीचे काम मोठे मऊ वाटते. परंतु वेचणाऱ्यांच्या बोटांना विचारावे! कापूस मऊ खरा, पण त्याच्या बोंडाची वाळलेली टरफले टोकाशी सुईसारखी अणकुचीदार असतात. दिवसभरात ती नखांच्या कडांना किती वेळा टोचतात, याची गणतीच नसते. दोनतीन दिवसांनी एखाद्या नखाच्या कडेला लाल, ठणकणारी गाठ उठते. हेच नखुरडे. वेचणीची मजुरी वजनावर मिळते. म्हणून असे बोट घेऊनही बायाबापड्या शेतात जातात.

कातडी ही शरीराची तटबंदी होय. पुष्कळांच्या कातडीवर द्राक्षांच्या घोसासारखे दिसणारे सूक्ष्म जंतू नित्य राहतात. तट अभंग असेतोवर त्यांचे काही चालत नाही. खिंडार पडले, की ते आत शिरतात. मग रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. ह्या झुंजीत मेलेल्या पेशी व जंतू मिळूनच पू बनतो. बोटात सुजेला पसरावयास जागा नसते. म्हणून ते इतके ठणकते.

हातावरचा प्रत्येक उंचवटा मात्र नखुरडे नव्हे. कुऱ्हाडीचा दांडा नवख्या हातात घासला, की वरचा पापुद्रा सुटून त्याखाली पाणी साचते. हा झाला फोड. सरावलेल्या हाताची कातडी जाड होऊन तेथे घट्टा पडतो. चामखीळ विषाणूमुळे येते व कुरतडल्यास पसरते. कारणे अशी निरनिराळी. पण घरोघरी उपाय एकच, सुई किंवा बाभळीचा काटा! फोडावरील पापुद्रा ही निसर्गाने बांधलेली पट्टी असते. ती फाडणे म्हणजे जंतूंना दार उघडून देणे. त्यावर शेण किंवा राख लावणे तर त्याहून घातक.

शेतातून येताच हात साबणाने धुवावेत. नखुरडे उठू लागल्यास बोट दिवसातून तीनचार वेळा सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बुडवावे व स्वच्छ कापडाने झाकावे. पू दाबून काढू नये. लाल रेघ मनगटाकडे चढू लागली, ताप आला किंवा बोट वाकेनासे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हयगय केल्यास बोट कायमचे ताठ राहू शकते. धनुर्वाताची लस घेतलेली आहे की नाही, हेही तेथे सांगावे.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग ह्याच घोसासारख्या जंतूंची वाढ करीत असता एका बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतालचे जंतू नाहीसे झाले. त्यातून पेनिसिलीन हाती आले. आज ह्यांपैकी बहुतेक जंतू साध्या पेनिसिलीनला दाद देत नाहीत. म्हणून दुकानातून मनाने गोळ्या आणणे धोक्याचे.

वेचणीस जाताना बोटांना सुती कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्यास टोचणे पुष्कळ कमी होते. मात्र पट्टी रोज धुतलेली हवी. कालची मळकी, घामट पट्टी नसलेली बरी.