शंभर जोर आणि चमचाभर तूप

अलीकडे पुष्कळ घरांतून एक दृश्य नेमाने दिसू लागले आहे. दुकान उघडण्याच्या घाईपूर्वी घरातील तरुण सतरंजी अंथरून जोर काढतो, मनगटावरील घड्याळात एक आकडा उमटतो आणि त्या आकड्याकडे पाहून त्याचा चेहरा उजळतो. वडील कोपऱ्यातून हे पाहत असतात. नुकत्याच केलेल्या तपासणीत त्यांच्या रक्तातील साखर वाढलेली निघालेली असते, आणि वजन उतरविण्याची ताकीद डॉक्टरांनी दिलेली असते. ते विचारतात, “शंभर मारलेस की किती जळतं रे?”

हा प्रश्न व्यापाऱ्याचा आहे आणि तो रास्त आहे. श्रम किती, पदरात काय पडले, हे विचारल्याखेरीज पेढीवर कोणताही व्यवहार होत नाही. मग शरीराच्या व्यवहारात तो का विचारू नये? मात्र याचे खरे उत्तर ऐकून बहुतेकांची निराशा होते. सत्तर किलो वजनाच्या माणसाने शंभर जोर काढले तर सुमारे पस्तीस कॅलरी खर्च होतात. लहान चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम, तुपात पंचेचाळीस कॅलरी असतात. पोळीवर सहज फिरविलेला तो एक चमचा शंभर जोरांना पुरून उरतो.

हा आकडा येतो कोठून, हे पाहण्याजोगे आहे. आहाराच्या संदर्भात आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढविण्यास लागणारी उष्णता होय. शरीरात अन्न जळते म्हणजे एका अर्थी खरोखरच जळते, हे फ्रान्समधील लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखविले. बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवून, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळते हे त्याने मोजले. पुढे १८९०च्या दशकात अमेरिकेतील मिडलटाउन येथे विल्बर अॅटवॉटर आणि एडवर्ड रोझा यांनी माणूस आत राहू शकेल एवढी बंद खोलीच उभारली. माणसे त्या खोलीत काही दिवस राहत, तेथेच जेवत, झोपत, आणि व्यायामाची सायकलही चालवीत. आत गेलेले अन्न आणि बाहेर पडलेली उष्णता यांचा मेळ अगदी थोड्या फरकाने बसला. एवढी चोख रोजकीर्द फार थोड्या पेढ्यांवर सापडेल.

आता खोलीत कोंडून घ्यावे लागत नाही. मनुष्य किती प्राणवायू घेतो हे मोजले की खर्च कळतो, कारण एक लिटर प्राणवायूमागे सुमारे पाच कॅलरी खर्च होतात. अशा मोजमापांवरून निरनिराळ्या कामांच्या सूची तयार झाल्या आहेत. त्यांत स्वस्थ बसणे हे एकक मानतात. त्यात ताशी, दर किलो वजनामागे, सुमारे एक कॅलरी खर्च होते. मध्यम गतीने चालणे याच्या साडेतीन पट, बेताने केलेले जोर-उठाबशांसारखे व्यायाम पावणेचार पटींच्या आसपास, आणि तेच नेटाने, धाप लागेल असे केले तर आठ पट. सत्तरला आठाने गुणले की ताशी ५६० कॅलरी होतात, म्हणजे मिनिटाला नऊहून थोड्या अधिक. मिनिटाला पंचवीस जोर धरले तर शंभरांना चार मिनिटे लागतात. त्या चार मिनिटांच्या सदतीस कॅलरी झाल्या. त्यांतून स्वस्थ बसूनही खर्च झाल्याच असत्या अशा पाच वजा कराव्या लागतात, ही वजाबाकी बहुतेक जण विसरतात. निव्वळ खर्च बत्तीस उरतो.

दुसऱ्या बाजूनेही हिशेब पडताळून पाहता येतो. जोर काढताना साऱ्या शरीराचे वजन हातांवर येत नाही. हात सरळ असता सुमारे ६९ टक्के आणि छाती जमिनीलगत असता सुमारे ७५ टक्के भार तळहातांवर येतो, असे प्रत्यक्ष मोजण्यात आले आहे. सत्तर किलोच्या माणसाचे म्हणजे जेमतेम पन्नास किलो. तेवढा भार फूट-सव्वा फूट उचलण्याचे काम भौतिकशास्त्राच्या हिशेबाने कॅलरीच्या विसाव्या भागाहूनही कमी भरते. परंतु स्नायू हे काही काटकसरी यंत्र नव्हे. चार-पाच रुपये खर्चावेत तेव्हा एक रुपयाचे काम हाती लागते, बाकीचे उष्णता होऊन घामावाटे जातात. त्यात सावकाश खाली येण्याचा खर्च मिळविला की एका जोरामागे पाव ते एक-तृतीयांश कॅलरी होते. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन बेरीज जवळपास एकच येते; तेव्हा तीवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. तालमीतला पाठीला झोका देत काढलेला जोर व्यायामशाळेतील पुश-अपपेक्षा लांब पल्ल्याचा असल्याने थोडा अधिक खर्चिक ठरेल, पण त्याने हिशेबाचा ताळा बदलत नाही. बैठकेचेही तसेच.

मनगटावरच्या घड्याळाचे काय? २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अशी सात उपकरणे साठ जणांवर तपासण्यात आली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत बऱ्या उपकरणाचीही चूक सरासरी सत्तावीस टक्क्यांची होती आणि सर्वांत वाईटाची त्र्याण्णव टक्क्यांची. इतक्या चुकीचा तराजू बाजारात कोणी ठेवून घेतला नसता.

सूर्यनमस्काराची गोष्ट याहून बोधक आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या व्यायामाचा ध्यास घेऊन प्रचार केला, आणि महाराष्ट्रातील शाळाशाळांतून तो रुजला. त्याचा खर्च किती? दिल्लीच्या संरक्षण शरीरक्रिया संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जवानांनी तो सावकाश, प्रत्येक स्थितीत थांबत केला. मिनिटाला पावणेचार कॅलरींच्या आसपास खर्च आला. २०११ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात सहा सरावलेल्या व्यक्तींनी तोच व्यायाम हृदयाची गती कमाल मर्यादेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत जाईल अशा वेगाने केला. त्यात साठ किलोच्या व्यक्तीस अर्ध्या तासात २३० कॅलरी लागतात असे दिसले, म्हणजे मिनिटाला साडेसातांहून अधिक. नमस्कार तेच, खर्च दुप्पट. तेव्हा अमुक व्यायामात अमुक कॅलरी जातात, असे एकच ठाम उत्तर देणाऱ्या तक्त्याकडे जरा संशयानेच पाहावे.

शरीरावरील एक किलो चरबी उतरविण्यास सुमारे ७,७०० कॅलरींची तूट लागते. रोज न चुकता शंभर जोर काढले आणि आहारात तिळमात्र बदल केला नाही, तर त्या किलोस आठ महिने लागतील. पण येथेच नेमकी फसगत होते. व्यायाम झाला या समाधानात नाश्त्याच्या ताटलीत शेव-फरसाणाची एक मूठ अधिक पडते. तळलेल्या शेवेत शंभर ग्रॅममागे पाचशेहून अधिक कॅलरी असतात; वीस ग्रॅमच्या त्या मुठीत जोरांचे तीन दिवस बुडतात. वजन मुख्यतः ताटावर उतरते, सतरंजीवर नव्हे.

उपवासाने वजन झपाट्याने उतरते, असा अनुभव पुष्कळांना आहे. तो खरा आहे. पण पहिल्या दोन दिवसांत जे उतरते त्यात मोठा भाग पाण्याचा असतो. यकृत आणि स्नायूंत साठविलेली साखर आपल्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवते. साठा संपला की ते पाणी जाते, आणि पारण्यानंतर दोन-चार दिवसांत परत येते. तपाचा हेतू वजनकाटा नसतोच, त्यामुळे त्यात खंत करण्यासारखे काही नाही. मात्र निराहार उपवासात नेटाचे जोर-बैठका काढू नयेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याविना उपवासाचा औषधक्रम स्वतःच्या मनाने ठरवू नये. साखर एकाएकी खाली जाण्याचा धोका खराखुरा आहे.

मग जोर काढावेत तरी कशासाठी? कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमींतील भाषेत याचे उत्तर आहे. तेथे अंग ‘कमावतात’. शेकड्यांनी जोर आणि बैठका काढणारा पहिलवान वर दूध, तूप आणि बदामांची थंडाई घेत असे. वजन घटविण्यासाठी हौद्यातील लाल मातीत कोणी उतरत नसे. जोर-बैठका हा मुळात खर्चाचा नव्हे, भांडवलाचा विषय आहे, आणि ते भांडवल म्हणजे स्नायू. तिशीनंतर, काही न केल्यास, दर दशकात स्नायूंचा तीन ते आठ टक्के भाग झडतो. गादीवर बसून चाळीस वर्षे काढलेल्या माणसाचे हातपाय साठीत बारीक आणि पोट मोठे दिसते, ते यामुळेच.

ज्या वडिलांनी प्रश्न विचारला त्यांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब पुढे आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा उचलून घेतात ते स्नायू. एरवी त्यासाठी इन्सुलिनची आज्ञा लागते, आणि मधुमेहात नेमकी तीच ऐकली जात नाही. पण स्नायू आकुंचन पावत असताना साखर आत घेण्याचे दुसरे दार उघडते, त्याला इन्सुलिनची गरज नसते. मेलबर्न येथे मधुमेह असलेल्या चोवीस जणांवर झालेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग दुकानदारांनी तरी अवश्य जाणून घ्यावा. एके दिवशी ते सलग बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दर अर्ध्या तासाने उठून तीन मिनिटे अर्ध्या बैठका, टाचा उचलणे, गुडघे वर घेणे असे साधे प्रकार त्यांनी केले. जेवणानंतर होणारी साखरेची वाढ पहिल्या दिवसाच्या तुलनेत सुमारे एकोणचाळीस टक्क्यांनी कमी भरली. हळूहळू चालण्याचाही तेवढाच उपयोग झाला. तीन मिनिटांत अशा कितीशा कॅलरी गेल्या असतील? दहा-बारा. खर्चाच्या रकान्यात ही रक्कम दिसणारही नाही.

भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. बसून करावयाच्या व्यवसायात पिढ्या गेलेल्या कुटुंबांना हा आकडा परका वाटणार नाही. पूर्वी खाली दुकान आणि वर घर असे, माल माडीवर असे, आणि दिवसातून दहा वेळा जिना चढावा लागे. एक मजला चढण्यास दोनाहून थोड्या अधिक कॅलरी लागतात, म्हणजे सहा-सात जोरांइतक्या. आता घर सहाव्या मजल्यावर आहे, पण उद्वाहन आहे, आणि माल आणावयास नोकर आहे.

अमेरिकेतील इंडियाना राज्यातील १,१०४ अग्निशामक जवानांची दहा वर्षांची नोंद २०१९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना एका दमात चाळीसहून अधिक जोर काढता येत होते त्यांच्यात, दहासुद्धा न काढता येणाऱ्यांच्या तुलनेत, हृदयविकाराच्या घटना शहाण्णव टक्क्यांनी कमी आढळल्या. हा निष्कर्ष मोठ्या हौसेने सांगितला जातो, पण तो जपून घ्यावा. जो चाळीस जोर काढू शकतो तो बहुधा सडपातळ, निर्व्यसनी आणि वयानेही लहान असतो. जोर हे तेथे प्रकृतीचे चिन्ह आहे. तेच औषध आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही.

पन्नाशीतील माणसाने आरंभ भिंतीपासून करावा. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून, तळवे टेकवून रेटावे. ते दहा-पंधरा वेळा सहज जमू लागले की मजबूत टेबलाच्या कडेवर, त्यानंतर गुडघे टेकून जमिनीवर. गुडघे टेकले असता हातांवर येणारा भार सुमारे ५४ टक्क्यांपासून सुरू होतो, त्यामुळे ही पायरी मुळीच कमीपणाची नव्हे. घरातील ज्येष्ठ स्त्रियांनी हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठावे, बसावे, पुन्हा उठावे. हीच त्यांची बैठक. खाली येताना घाई करू नये, कारण भार झेलीत उतरण्यातही स्नायूंचे मोठे काम असते. शत्रुंजयाचा डोंगर चढून उतरलेल्यांच्या मांड्या दुसऱ्या दिवशी भरून येतात, त्यात चढण्यापेक्षा उतरण्याचाच वाटा अधिक असतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस एवढे आणि बाकीचे दिवस चालणे, यावर आरोग्यसंस्थांचेही एकमत आहे. छातीत दुखते, रक्तदाब आटोक्यात नाही, खांद्यास किंवा गुडघ्यास इजा आहे, अशांनी आधी डॉक्टरांना दाखवावे.

एक चूक मात्र नवशिके हमखास करतात. ते जोर लावताना श्वास कोंडून धरतात, आणि तेवढ्या क्षणी रक्तदाब उसळी घेतो. जुन्या तालमींतून मोठ्याने आकडा मोजीत जोर काढण्याची रीत होती. तोंडाने आकडा म्हटला की श्वास सोडावाच लागतो.