बर्फाचं घर उबदार, धाब्याचं घर गार

बर्फाच्या घरात माणसं गारठून कशी मरत नाहीत, असं पोरं विचारतात. कॅनडाच्या उत्तरेकडचे इनुइट लोक हिवाळ्यात वाऱ्याने दाबून घट्ट झालेल्या बर्फाच्या विटा कापायचे आणि घुमट रचायचे. त्या बर्फात हवा कोंडलेली असते, गोधडीत असते तशी. ती आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. बाहेर उणे ४० अंश असले तरी आत शून्याच्या आसपास! गार हवा खाली बसते, म्हणून आत शिरायची वाट खाली आणि झोपायचा ओटा वर. सील प्राण्याच्या चरबीवर जळणारा दगडी दिवा सांभाळणं हे बायांचं काम. ऊब, शिजवणं, ओले कपडे वाळवणं, सगळं त्याच्यावरच.

आपलं धाब्याचं घरही तसंच हुशारीचं. मे महिन्यात रावेरला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा मातीची जाड भिंत ऊन हळूहळू पिते. ते आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. म्हणून दुपारी घरात गारवा आणि रात्री खाटा अंगणात किंवा धाब्यावर.

पण जे छत उन्हात वाचवतं, तेच जिवावरही उठू शकतं. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट. लातूरच्या किल्लारीकडे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेतच गेली. तिथली माळवदं म्हणजे आपल्या धाब्यांची बहीणच. मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर फूट-दोन फूट मातीचं छत. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधलेले नव्हते. भिंत फुगली, फुटली आणि सगळं ओझं अंगावर आलं. हलक्या छपराच्या झोपड्यांनी मात्र माणसं वाचवली. त्याआधी तो भाग भूकंपाचा मानलाच जात नव्हता.

आपण तरी लांब आहोत का? १४ मार्च १९३८ ला आपल्या सातपुड्यातच ६ रिश्टरहून मोठा भूकंप झाला होता. तो जमिनीत खूप खोल झाला, म्हणून मोठी हानी झाली नाही.

यात आपल्या हातातलं काय? दरवर्षी पावसाआधी धाब्यावर नवी खारी टाकतो, पण जुनी काढत नाही. वर्षानुवर्षं थर चढतो. त्यात माती भिजली की आणखी जड होते. जुना थर खरवडून मगच नवा टाका. लाकडाला वाळवी लागली आहे का, भिंतीला पोट आलंय का, हेही बघा. पोट आलेल्या भिंतीजवळ पोरांना झोपवू नका.

पत्र्याच्या घराची गोष्ट उलटी. केळी आडवी करणारं वादळ पत्र्याला नुसतं ढकलत नाही, वरून ओढतं. त्यातून वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं राहिलं तर आत शिरलेली हवा खालूनही उचलते. वर ठेवलेले दगड मग शेजारच्याच्या डोक्यात. पत्रे हूकने लोखंडी पाइपाला आवळा आणि पाइप भिंतीत पक्का बसवा. खिळे निघून येतात.

गटातून घरदुरुस्तीला कर्ज घेणार असाल, तर मासिक बैठकीत मागणी लिहिताना धाब्याची जुनी माती उतरवण्याची मजुरी आणि हूकचा खर्च आधी लिहा, रंगाचा नंतर.